ओटा नसलेलं घर

मला रिकाम्या भिंती आवडतात. यात मोठेपणा काही नाही, एखाद्याला कारलं आवडतं तशीच ही आवड. धरणगावला जिनिंगच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्या जिनिंगमध्ये फिटर होते. खुंटीवर कपडे, कपड्यांवर पिशव्या, पलंगाखाली ट्रंका आणि ट्रंकांवर आबांचे पाने, बेअरिंगं, तेलकट चिंध्या. हंगामात कापसाचे बारीक तंतू खिडकीतून आत यायचे आणि दुधावर, उशीवर, माझ्या भूमितीच्या वहीवर बसायचे. आई दिवसातून तीनदा झाडू मारायची आणि तीनदा हरायची. मी दहावीत असतानाच ठरवून टाकलं होतं की आपलं घर असलं तर त्यात काहीही नसेल.

त्या दोन खोल्यांना पुढे एक ओटा होता. फरशी तुटकी, कडेला पाण्याचा माठ, भिंतीला पाठ टेकून टेकून पडलेला तेलकट पट्टा. पाळी सुटली की आबा तिथे बसायचे आणि त्यांच्याभोवती जिनिंगमधली सहा-आठ माणसं. मला घराबाहेर पडायचं तर या सगळ्यांच्या मधून जावं लागे. कुठं चालली, कितवीला गेली, एवढं शिकून काय करशील. उत्तरं देऊन देऊन माझा जीव नकोसा व्हायचा. आबांना मात्र ते आठ जण म्हणजे सगळं जग होतं, आणि मला ते कधी दिसलंच नाही.

पुढे मी आर्किटेक्ट झाले, लग्न होऊन जळगावला आले, ऑफिस थाटलं. "ताई, आम्हाला एकदम सिंपल घर हवं," म्हणत लोक येत आणि महिन्याभरात दर्शनी भागाला सोनेरी जाळी, गच्चीवर सिमेंटचं कमळ मागू लागत. निम्म्या लोकांशी माझी भांडणं झाली. बाई कामाची हुशार आहे पण तोंडाची तिखट आहे, असा माझा लौकिक झाला आणि तो मला मनातून आवडत असे.

आई गेली. वर्षभरात घरमालकानं खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. लेकीकडे कायमचं राहायला आबा तयार नव्हते. "चार दिन ठीक शे, बेटा. पाचवा दिन मी पाव्हना नही आनि घरनाबी नही," असं म्हणाले. धुळ्याला त्यांनी फार पूर्वी घेऊन ठेवलेला एक प्लॉट होता. नरडाण्याचा माझा चुलतभाऊही तिथून जवळच. म्हटलं, आबा, तिथे मी तुम्हाला घर बांधून देते.

हे वाक्य बोलताना मी मुलगी होते. दुसऱ्या दिवशी कागद पुढे ओढला तेव्हा मी मुलगी राहिले नव्हते. पहिल्यांदाच मला असा मालक मिळाला होता जो माझ्याशी भांडणार नव्हता. कमळ मागणार नव्हता. इतकी वर्षं डोक्यात असलेलं घर मी चार रात्रींत उतरवलं. रस्त्याच्या बाजूला सात फुटांची एकसंध पांढरी भिंत, खिडकी नाही, छज्जा नाही, नावाची पाटीसुद्धा नाही. फाटक त्या भिंतीतच, त्याच रंगाचं, कडी न दिसणारं, एका ठरावीक जागी दाबलं की उघडणारं. आत छोटं अंगण, त्यात एक कडुनिंब, आणि अंगणाकडे तोंड केलेल्या दोन खोल्या. भिंती दुहेरी विटांच्या, मधे पोकळी, म्हणजे मे महिन्यातही आत ऊन पोचणार नाही. जमीन घोटलेल्या सिमेंटची, उंबरा नाही, म्हणजे म्हातारं माणूस ठेचकाळणार नाही. मी त्यांचा विचार केला नव्हता असं कुणी म्हणू नये. त्यांच्या गुडघ्यांचा, डोळ्यांचा, उन्हाचा, सगळ्याचा विचार केला होता.

आबांना नकाशा वाचता यायचा, फिटरच ते. ऑफिसात माझ्या टेबलाशी उभे राहून त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत रस्त्याच्या कडेला आणलं.

"हाई काय शे?"

"भिंत."

"आनि मानूस उना तं बठी कोठे?"

"आत, आबा. हॉलमध्ये. छान खुर्च्या करू."

"आत पाव्हना बठस," ते म्हणाले. "मानूस बाहेर बठस. दारमोरे एक ओटा टाक. लहान टाकना तरी चाली."

मी हसले. मग समजावून सांगितलं. ओटा म्हटला की धूळ, कुत्री, तंबाखूच्या पिचकाऱ्या, येणारा-जाणारा कुणीही टेकणार. भिंतीची सगळी सरळ रेषा बिघडणार. तुम्हाला आता शांतता हवी. आबा ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुले समजस." आम्हा खान्देशी माणसांचं हे 'तुले समजस' म्हणजे होकार नसतो, हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी मी तो होकार धरून कामाला लागले.

काम चालू असताना आबा चुलतभावाकडे राहत आणि रोज बांधकामावर येत. मी आठवड्यातून एकदा जळगावहून जायची. एका शनिवारी गेले तर रस्त्याच्या भिंतीला लागून विटांचे दोन थर उठलेले. लांबी आठ फूट, रुंदी अडीच. काय आहे ते विचारायची गरज नव्हती. आबा शेजारी वाळूच्या ढिगाजवळ उभे होते, हाताला सिमेंट लागलेलं.

आबांवरचा सगळा राग मी गवंड्यावर काढला. नकाशात हे कुठे आहे, दाखवा. कुणाला विचारून केलंत? माझं काम म्हणजे काय पंचायतीचा पार आहे का?

गवंडी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. खाली मान घालून म्हणाला, "ताई, आबा बोलनात म्हनीसन टाका. आमनाकडे तं ओटा नही सांगा तरी टाकतस. दारले ओटा नही असं घर मी आजलोंग बांधं नही."

"मग आज बांधा," मी म्हटलं.

तेवढ्यात आबा पुढे आले. म्हणाले, "तोडी टाक रे भाऊ. तिनं काम शे." आणि गवंड्याच्या हातातली पहार स्वतः घेऊन त्यांनी पहिली वीट सैल केली. मसाला अजून ओला होता, विटा सहज सुटल्या. आबांनी एकेक वीट पुसून बाजूला रचून ठेवली, पुन्हा वापरता याव्यात म्हणून. मी तिथे उभी राहून मोबाइलवर दुसऱ्या साइटच्या माणसाशी सळईबद्दल बोलत होते. माझी तेव्हाची ती बेफिकिरी आठवली की आजही स्वतःची किळस येते.

घर झालं. सुंदर झालं, हेही सांगायला हवं. दुपारी अंगणातल्या भिंतीवर कडुनिंबाची सावली पडायची ती बघत मी तासभर बसू शकत असे. मे महिन्यात बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं आणि आत अंगावर चादर घ्यावीशी वाटायची. वास्तुशांत मोजक्या माणसांत केली. धरणगावच्या मंडळींना बोलवायचं का, असं मी विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "मंग बलावसू. आते नको." मला बरंच वाटलं. इतकी माणसं त्या अंगणात मावलीही नसती.

समोर, रस्त्यापलीकडे, एका निवृत्त कंपाउंडरचं घर होतं. त्यांना सगळे नाना म्हणत, त्यांच्या बायकोला अक्का. त्या घरात मला न आवडणारं सगळं होतं. तीन रंगांच्या टाइल्स, स्टीलचा कठडा, गच्चीवर कमळ. आणि पुढे लांबलचक ओटा, लाल रंगाचा. सकाळ-संध्याकाळ त्यावर पाच-सात माणसं. सुरुवातीला आबा तिथे जाऊन बसायचे. मला फोनवर सांगायचे, आज नाना हे म्हणाले, आज अक्कांनी कळण्याची भाकरी खायला घातली. मी म्हणायची, बघा, जमली की नाही संगत?

दोनेक महिन्यांनी नाना-अक्कांचे विषय फोनवर येईनासे झाले. मी विचारलं तर आबा टाळत. एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "रोज रोज मी त्यासना ओटावर बठसू, मंग ते मन्हाकडे कोठे बठतीन?"

मी चिडले. एवढ्या तेवढ्याचा काय हिशोब करता? नाना काय हाकलून देणार आहेत का? पण ही रीत मलाही ठाऊक होती. आमच्याकडे बसणं हे देण्या-घेण्याचं असतं. आज मी तुमच्या ओट्यावर, उद्या तुम्ही माझ्या. ज्याच्या दारात बसायला जागा नाही तो दुसऱ्याच्या दारात किती दिवस बसणार? जन्मभर जिनिंगमधल्या आठ जणांना स्वतःच्या ओट्यावर बसवलेला माणूस होता तो. त्याला मी आयुष्याच्या शेवटी नुसतं दुसऱ्याच्या दारात टेकायला लावलं होतं.

मग त्यांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला टाकून बसू लागले. एकटेच. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी ठेवत. रस्त्यावर खुर्ची टाकून बसलेल्या माणसापाशी कुणी थांबत नाही, रामराम करून पुढे जातात. हे सगळं मला पुढे अक्कांनी सांगितलं. मला एवढंच दिसलं होतं की ज्या दिवशी मी फोटोग्राफरला घेऊन गेले त्या दिवशी माझ्या पांढऱ्या भिंतीपुढे दोन निळ्या खुर्च्या होत्या. एका मासिकाला ते घर छापायचं होतं. मी खुर्च्या उचलून मागच्या बाजूला नेल्या आणि आबांना म्हटलं, "थोडा वेळ आत बसा ना." आतले फोटो सुरू झाले तेव्हा म्हटलं, "थोडा वेळ बाहेर उभे राहा ना." त्यांची गोधडी, औषधांचा डबा, आईचा फोटो, सगळं एका कपाटात कोंबलं. छापून आलेल्या फोटोंत त्या घरात कुणी राहतं असं कुठेही वाटत नाही. तेव्हा मला तो त्या फोटोंचा गुण वाटला होता.

निघताना आबा फाटकाशी आले. भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "फोटू हुई ग्यात. आते एक ओटा टाकी दे, बेटा. त्या विटा मांगे पडेल शेतस."

जवळजवळ वर्षानं त्यांनी पुन्हा मागितलं होतं. त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी हो म्हटलं. अगदी मनापासून हो म्हटलं. फक्त मासिकानं ते घर एका स्पर्धेला पाठवायचं ठरवलं होतं आणि परीक्षक प्रत्यक्ष घर बघायला येणार होते. म्हटलं, आबा, ती माणसं येऊन जाऊ द्या. मग लगेच टाकू. तुम्ही सांगाल तेवढा लांब.

"पक्कं?"

"पक्कं."

त्या दिवशी ते खूश होते. मी गाडीत बसले तरी आठ फूट की दहा, पायरी एक की दोन, असं विचारत होते. परीक्षक महिन्यात येणार होते ते तीन महिने आले नाहीत. आबा फोनवर दर वेळी विचारायचे, "त्या लोके उनात का?" आणि मी सांगायची, येतील, या आठवड्यात येतील. पुढे त्यांनी विचारणं सोडलं. जेवणही कमी झालं होतं असं चुलतभाऊ म्हणाला. मी डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, वयाच्या मानानं सगळं ठीक आहे म्हणाले, आणि मीही ते ठीक मानलं.

मी रोज संध्याकाळी फोन करायची. त्या संध्याकाळी त्यांनी उचलला नाही. वाटलं, झोपले असतील. सकाळी पुन्हा केला, तरी नाही. शेजारी फोन करून विचारावं म्हटलं तर माझ्याकडे समोरच्या नानांचा नंबरच नव्हता. इतक्या दिवसांत घ्यावासा वाटला नव्हता. चुलतभाऊ गावाला गेलेला. गाडी काढली. पारोळ्यापर्यंत मनात काहीबाही येत होतं, पारोळ्यानंतर मी विचार करणंच थांबवलं.

अकराच्या सुमारास पोचले. समोरच्या ओट्यावर नाना आणि आणखी तिघं पेपर वाचत बसले होते. माझी भिंत पांढरीशुभ्र, काही झाल्याचं कुठलंही चिन्ह नाही. फाटक दाबून आत गेले. आबा मोरीच्या दारात पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी सकाळीच गेले असावेत. हृदय बंद पडलं, फार त्रास झाला नसेल. हे ते सगळ्यांनाच सांगत असतील.

दुधाची पिशवी आणि पेपर बाहेर दिसू नयेत म्हणून मी त्या भिंतीत एक फट ठेवली होती. बाहेरून टाकलं की आतल्या पेटीत पडतं. त्या पेटीत दोन पिशव्या आणि दोन पेपर होते. खालची पिशवी फुगलेली. दुसऱ्या कुठल्याही घरी कालचं दूध दारात तसंच राहिलेलं बघून कुणीतरी हाक मारली असती. अक्का रडत रडत मला म्हणाल्या, "आमले वाटनं, जयगावले तुमनाकडे ग्यात. तुमना घरनं बाहेरथून काही दिखसच नही, ताई." त्या दोष देत नव्हत्या. पण वीस पावलांवर माणसं बसलेली होती आणि माझे वडील एक अख्खा दिवस आणि एक रात्र फरशीवर पडून होते, हे मी बांधलेल्या भिंतीमुळे झालं. याला दुसरं कारण मी शोधून पाहिलं आहे. ते सापडत नाही.

नरडाण्याच्या भावानं अग्नी दिला. तिसऱ्या दिवसापासून लोक दारावर येऊ लागले. मयत झालेल्या घरी भेटायला येण्याला आमच्याकडे दारावर येणं म्हणतात. बायका रडत आत जातात. पुरुष आत शिरत नाहीत. डोक्याला रुमाल बांधून ओट्यावर बसतात, दोन शब्द बोलतात, बराच वेळ काहीच बोलत नाहीत, पाणी पितात आणि उठतात.

धरणगावहून दोन गाड्या भरून माणसं आली. कोपऱ्यावर उतरली आणि घर शोधू लागली. भिंतीसमोरून एकदा पुढे गेली, एकदा मागे आली. बायकांना मी फाटकातून आत घेतलं, एकेकीला, कारण फाटक तेवढंच रुंद होतं. पुरुष उन्हात रस्त्यावर उभे राहिले. तीस-पस्तीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. कुणी भिंतीला टेकलं, कुणी गाडीच्या सावलीत उकिडवं बसलं. भाऊ कुठून तरी सतरंजी आणायला धावला, पण ती टाकायची कुठे? गाड्या जात होत्या, हॉर्न वाजत होते.

तेव्हा नाना उठले. त्यांनी आपल्या ओट्यावर सतरंजी अंथरली, दारापुढे कापड ताणलं, अक्कांनी पाण्याचा माठ बाहेर आणून ठेवला. नाना रस्ता ओलांडून आले आणि हात जोडून त्या सगळ्यांना म्हणाले, "चला, इकडे बठा." सगळे तिकडे गेले. पाच दिवस माझ्या वडिलांचं दार नानांच्या ओट्यावर भरलं. रोज सकाळी मी माझ्या घरातून निघून तिथे जायची आणि भिंतीशी बसायची. लोक येतील त्यांना हात जोडायची. समोर माझं घर दिसायचं. स्पर्धेचे परीक्षकही त्याच आठवड्यात येऊन जाणार होते, मी फोन बंद ठेवला.

शेवटच्या दिवशी जिनिंगमधला एक म्हातारा एकटाच एसटीनं आला. आबांच्या हाताखाली यंत्रांना तेल घालणारा तेलवाला, आमच्या ओट्यावरच्या त्या आठांतला एक. डोळ्यांना कमी दिसत होतं. पत्ता विचारत आला, ओट्यावर माणसं दिसली तसा सरळ तिथे येऊन बसला. मला ओळखायला त्याला वेळ लागला. मग डोक्यावर हात ठेवला. बोटांनी लाल फरशी चाचपत राहिला, मागे सरकून त्यानं भिंतीला पाठ टेकवली.

"घर चांगलं बांधं तू," तो म्हणाला. "तुना बाप माले दर डाव फोनवर सांगे. पोरनी कबूल करं शे, ओटा मोठा टाकसू, मंग तुमले सर्वासले बलावसू, ये बठाले. मी म्हनू, तू बलावना की उनू."

माझ्याच्यानं त्याला सांगवलं नाही की हे घर आमचं नाही. नाना शेजारीच बसले होते. त्यांनीही सांगितलं नाही. त्यांनी माठातलं पाणी काढून त्याच्या हातात दिलं, आणि तो आबांच्या ओट्यावर बसल्यासारखा सावकाश ते पाणी प्यायला.